गाडगेबाबांची वाणी

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर अकोला जिल्ह्यातील दापुरी येथे मामाकडे वाढले. शाळा त्यांना लाभली नाही. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा नेम. नटानेही अभ्यासावी अशी त्यांची वाणी होती. वऱ्हाडी बोलीतले लहानसे वाक्य, त्यात एक प्रश्न, मग विराम. उत्तर समुदायच देई.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीनजीक पेढी नदीकाठी ते निवर्तले.

स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर आपल्या बोलीची लाज वाटून आवाज गिळणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच चरित्र सांगतो. त्याच बोलीने बाबांचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला होता.