ऋणकोचा वकील

बँकेत उमेदीची वर्षे गेल्याने धनको आणि ऋणको हे दोन शब्द माझ्या अंगवळणी पडले आहेत. अटी धनकोने घालायच्या, सही ऋणकोने करायची! जॉन मेनार्ड केन्सने राष्ट्रांपुरती तरी ही रीत बदलू पाहिली.

१८८३ साली केंब्रिजमध्ये जन्मलेल्या केन्सने लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली. १९१३ चे त्याचे पहिले पुस्तक हिंदुस्थानच्या चलनावरच होते. १९१९ मध्ये, हरलेल्या जर्मनीवर न झेपणारी भरपाई लादली जात आहे हे पाहून त्याने पॅरिसच्या तह-परिषदेतले सरकारी काम सोडले.

दुसऱ्या महायुद्धात त्याने 'बँकॉर' या जागतिक चलनाची योजना मांडली. तीत तुटीच्या देशाप्रमाणे शिलकीच्या देशालाही आकार पडणार होता. अमेरिकेच्या हॅरी डेक्स्टर व्हाइटला ते नको होते. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ राष्ट्रे जमली, तेव्हा साचा व्हाइटचाच ठरला. तिजोरी अमेरिकेची होती ना!

तिथे आपले चिंतामणराव देशमुखही होते. युद्धामुळे ब्रिटन हिंदुस्थानचे मोठे देणे लागत होते. या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न नव्या नाणेनिधीच्या कक्षेत यावा, अशी हिंदी शिष्टमंडळाची मागणी होती. केन्सने ती मानली नाही.

२१ एप्रिल १९४६ रोजी तो गेला. सावकारालाही नियम हवा, हे त्याचे म्हणणे मला आजही पटते. मात्र आपल्या धनकोपुढे उभे राहताना त्यालाही नियमापेक्षा खासगी तडजोडच सोयीची वाटली, हेही विसरवत नाही.