रॉबर्ट बुन्सेन

मिठाचा कण ज्योतीत धरून पिवळा रंग पाहताना आम्ही ज्या बर्नरचा उपयोग करतो, त्याला रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्यांचा जन्म 1811 साली गटिंगेन येथे झाला. तरुणपणी आर्सेनिकच्या एका जहाल संयुगावर काम करीत असता स्फोट होऊन त्यांचा उजवा डोळा गेला; विषबाधेने प्राणांवरही बेतले. तरीही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही.

हायडेलबर्ग येथे 1855 साली त्यांचा बर्नर सिद्ध झाला. त्याची ज्योत जवळजवळ रंगहीन असल्याने क्षारांचे रंग स्पष्ट दिसू लागले. परंतु मिश्रणात सोडियमचा पिवळा रंग पोटॅशियमचा फिका जांभळा रंग झाकून टाकी. तेव्हा किर्खोफ या सहकाऱ्याने तो प्रकाश लोलकातून पाहण्याचे सुचविले. आतून काळी केलेली पेटी, एक लोलक व दोन दुर्बिणी, एवढ्यावर वर्णपटदर्शक तयार झाला! प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठराविक जागीच उमटतात, हे त्यातून दिसले.

1860 साली ड्यूर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना अनोळखी निळ्या रेषा आढळल्या. सुमारे 40 टन पाणी आटवून अवघे काही ग्रॅम क्षार हाती आले. ते सीझियम या नव्या मूलद्रव्याचे होते. पुढील वर्षी तांबड्या रेषांनी रुबिडियमचा शोध लावून दिला.

1899 साली बुन्सेन निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, ज्योतीचे रंग पाहताना डोळ्यांवर चष्मा अवश्य चढवा. आणि ज्याने एकाच डोळ्याने दोन नवी मूलद्रव्ये पाहिली, त्या पुरुषाचे क्षणभर स्मरण करा, एवढेच आमचे सांगणे.