उदगीरचा तोफखाना : इब्राहिमखान गारदी

उदगीरचा किल्ला लातूर-नांदेडकडील बहुतेकांनी पाहिलेला असतो. १७६० च्या फेब्रुवारीत या परिसरात मराठ्यांनी निजामाचा जो पराभव केला, त्याचे श्रेय सदाशिवरावभाऊंना दिले जाते आणि ते रास्तच आहे. परंतु निजामाच्या छावणीवर आग ओकणाऱ्या तोफा ज्यांच्या हुकमतीत होत्या, त्या इब्राहिमखान गारदींचे नाव आपल्या मुलुखातही क्वचितच निघते.

खानांचे भांडवल म्हणजे त्यांची विद्या. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली कवायती पायदळ आणि तोफखाना यांचे शिक्षण त्यांनी घेतले. पुढे निजामाची चाकरी सुटली आणि भाऊंनी त्यांना पदरी ठेवले. उदगीरच्या तहात साठ लक्षांचा मुलूख व दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांना मिळाला. त्याच वर्षी उत्तरेत दिल्ली आणि कुंजपुरा घेतानाही त्यांच्या तोफांनीच वाट मोकळी केली.

तरीही जुन्या सरदारांना ते सलत असत. गारद्यांचा पगार वेळेवर आणि रोख मिळावा असा खानांचा आग्रह असे. ही गोष्ट अनेकांना हटवादी वाटे. पोटावर चालणाऱ्या शिपायाच्या सेनापतीने आणखी काय मागावे?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर डावी बगल त्यांच्याकडे होती. सुमारे आठ-नऊ हजार गारदी घेऊन ते स्वतः निशाण हाती धरून रोहिल्यांवर चालून गेले आणि काही तासांत त्यांची फळी मोडून काढली. विंचूरकर व गायकवाड यांच्या घोडेस्वारांनी मात्र ठरलेली रचना सोडून पुढे धाव घेतली. गारद्यांची बाजू उघडी पडली. पलटणींमागून पलटणी कापल्या गेल्या, पण त्यांनी जागा सोडली नाही. विश्वासराव पडले, भाऊही लढता लढता गेले.

खान जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले. शुजाउद्दौल्याने त्यांना आपल्या छावणीत आसरा दिला होता. परंतु मुसलमान असून मराठ्यांच्या बाजूने लढला, याचा अब्दालीच्या गोटात विशेष राग होता. अखेर त्यांना अब्दालीच्या स्वाधीन करावे लागले आणि त्या कैदेतच काही दिवसांत त्यांचा अंत झाला.