साखळी घेऊन निघालेला माणूस

आमच्या साखरखेर्ड्याकडे मृगाचा पाऊस पडला की दोन गोष्टी हमखास उगवतात. एक पीक आणि दुसरे धुऱ्यावरचे भांडण. शेजाऱ्याने एक तास आत नांगरले, हद्दीचा दगड हलवला, एवढ्यावरून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात.

बँकेत असताना कर्जाच्या गहाणखतात चतुःसीमा लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, असे. एकदा मीच पूर्व-पश्चिम उलटी लिहिली. गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर, पण कागदावर नाला भलत्याच बाजूने वाहू लागला. दुरुस्तीपत्र होईपर्यंत कर्ज अडकले आणि त्या शेतकऱ्याची पेरणी आठ दिवस मागे पडली. तो मला काही बोलला नाही. तेच जास्त लागले.

हे आठवायचे कारण माझा भाचा. पुण्यात इंजिनीअर आहे. पूल बांधण्याआधी तो भार सोसेल का, हे कॉम्प्युटरवर तपासतो. दिवाळीत त्याने मला पडद्यावर एक पूल दाखवला. सगळा पूल हजारो त्रिकोणांच्या जाळीने मढवलेला. ही जाळी एका प्रोग्राममध्ये विणायची आणि हिशेबासाठी दुसऱ्यात न्यायची. पण नेताना काठांची नावे गळून पडली, तर पूल खांबावर कुठे टेकला आहे आणि वजन कोणत्या बाजूने येते हे यंत्राला कळत नाही. म्हणून प्रत्येक काठाला नाव द्यावे लागते. मी म्हटले, अरे, ही तर आमची चतुःसीमा! आणि त्रिकोणांची जाळी पाहता पाहता मला हिंगणघाटचे एक थडगे आठवले.

त्या थडग्यात विल्यम लॅम्बटन आहे. साऱ्या हिंदुस्थानावर त्रिकोणांची जाळी टाकायला निघालेला माणूस.

जन्म 1753 च्या सुमाराचा, इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यातला. फौजेत शिरला, अमेरिकेच्या लढाईत कैद झाला, पुढे कॅनडात बराकींचा कारभार बघत तेरा वर्षे काढली. चाळिशी उलटली तरी नाव घ्यावे असे काही हातून झाले नव्हते. मात्र तिथल्या एकांतात तो गणित आणि खगोलशास्त्र वाचत राहिला. हिंदुस्थानात आल्यावर, 1799 च्या टिपूवरील स्वारीत, रात्रीच्या कूचात आपली तुकडी उलट दिशेने शत्रूकडेच चालली आहे, हे त्याने नुसत्या ताऱ्यांवरून ओळखले. वरिष्ठांना ते पटवून घ्यायला वेळ लागला म्हणतात. वरिष्ठ सगळीकडे सारखेच.

टिपूचे राज्य पडल्यावर त्याने सरकारपुढे योजना मांडली. एक पाया अचूक मोजायचा. त्याच्या दोन टोकांवरून लांबची टेकडी पाहून कोन मोजायचे, की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी साखळी समुद्रापासून समुद्रापर्यंत न्यायची. नकाशा तर होईलच, पण पृथ्वीचा आकारही कळेल, ही त्याची खरी ओढ होती.

कोन मोजण्याचे यंत्र, थिओडोलाइट, लंडनहून निघाले. अर्ध्या टनाचे ते धूड वाटेत फ्रेंचांनी जहाजासकट धरले आणि मॉरिशसला नेले. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने मात्र ते पुन्हा नीट बांधून मद्रासला पाठवून दिले. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पाया मोजायला सुरुवात झाली. शंभर फुटी पोलादी साखळी, साडेसात मैलांची रेघ आणि 57 दिवस. ऐन उन्हाळा. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून उष्णतामापकाने दर वेळी ताप बघायचा. पुढे बंगळूरला दुसरा पाया मोजून ताडा घेतला, तर हिशेबात आणि प्रत्यक्षात फरक निघाला काही इंचांचा. मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांपेक्षा चाळीस मैलांनी कमी भरले!

मग 1808 साल. तंजावरच्या सपाट मुलखात टेकड्या नाहीत, म्हणून यंत्र देवळाच्या गोपुरावर चढवायचे ठरले. दोर तुटला. यंत्र गोपुराच्या दगडावर आदळले आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकडे झाले. ज्याच्यावर सेकंदभर कोनाचा भरवसा ठेवायचा, तेच वाकडे. दुसरा असता तर लंडनला पत्र लिहून वर्षानुवर्षे वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने तंबूचे दार लावून घेतले. फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखले आणि पाचरी, स्क्रू लावून ते पितळ कणाकणाने जागेवर आणले. सहा आठवडे लागले. बाहेर आला तेव्हा यंत्र पुन्हा चालण्याजोगे होते.

पुढची वर्षे उत्तरेकडच्या वाटचालीत गेली: टेकड्यांवर निशाणे, जंगलांतला हिवताप, आणि दुर्बिणीतून पडद्यातल्या बायका दिसतात या संशयाने खवळलेले गावकरी. मुक्काम हैदराबादला आला. इथे आमच्या गावाचा एक धागा निघतो. 1724 मध्ये याच साखरखेर्ड्याच्या रणात मुबारिझखान पडला आणि निजामाचे राज्य पक्के झाले; लॅम्बटनच्या काळात आमचा वऱ्हाडही निजामाचाच. त्याची मुख्य साखळी मात्र आमच्या पूर्वेकडून गेली. 1818 मध्ये कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण हाताखाली आला.

लॅम्बटन आता सत्तरीच्या घरात होता, छातीच्या दुखण्याने खंगलेला. तरी तळ नागपूरला हलवायचा म्हणून तो हैदराबादहून निघाला. वाटेत हिंगणघाटला 20 जानेवारी 1823 रोजी त्याने देह ठेवला. दीड लाखाहून अधिक चौरस मैल मुलूख तोवर जाळ्यात आला होता. साखळी पुढे एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्याशी नेली. 1865 मध्ये सर्वोच्च शिखराला नाव दिले गेले तेही त्याचेच.

हिंगणघाट नेमके कुठे, असे भाच्याने विचारले. मी सवयीने चतुःसीमाच सांगितली. उत्तरेस नागपूर, पूर्वेस चिमूर, पश्चिमेस यवतमाळ आणि दक्षिणेस तो आला तो हैदराबादचा रस्ता. या वेळी पूर्व-पश्चिम दोनदा तपासली.