आधी कारागीर, मग कारखानदार

लातूर आणि नांदेड येथील विद्यार्थ्यांनी परीक्षेतील गुणांच्या बळावर महाराष्ट्रात लौकिक संपादन केला. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. हा लौकिक अभिमानास्पद खराच; परंतु पदवी हाती पडताच व्यवस्थापकाची खुर्ची मिळावी व यंत्राशी संबंध केवळ कागदोपत्री यावा, ही सुशिक्षितांतील अपेक्षा तपासून पाहावयास हवी. त्यासाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आठवावे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण दृष्टीतील रंगदोषामुळे रंगकाम सोडावे लागले. मग त्यांनी यांत्रिक रेखाचित्रणाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षकाची नोकरी धरली. तेथील कार्यशाळेत त्यांनी यंत्रे स्वतः हाताळली. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. मात्र हातात मुरलेले ज्ञान त्यांच्यापाशी राहिले.

बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला. सायकल विकणे, दुरुस्त करणे आणि ती चालविण्यास शिकविणे, ही सारी कामे त्यात आली. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळेना. वस्तू उत्तम असली तरी वापरणाऱ्याची शंका फिटल्याखेरीज ती खपत नाही, हा बाजारपेठेचा पहिला धडा त्यांनी पुस्तकाऐवजी अनुभवातून घेतला.

शहरविस्तारापायी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणसे निवडताना लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रापेक्षा कामावरील निष्ठा पाहिली. शंभूअण्णा जांभेकरांसारखे सहकारी कारखान्याबरोबरच वाढले. शिक्षा भोगून आलेल्यांवरही त्यांनी पहाऱ्याची जबाबदारी सोपविली. जो स्वतः भट्टीजवळ उभा राहिला, त्यालाच कारागिराची खरी पारख होते.

यावरून त्यांना उच्च शिक्षणाचे वावडे होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पुत्र शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकविले. विद्या आणि हस्तकौशल्य यांची फारकत मात्र त्यांना मान्य नव्हती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले, तेव्हा सायकलींच्या दुकानापासून निघालेला उद्योग देशात नावाजला होता.

मराठवाड्यातील तरुण नोकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरतो, त्याचे एक कारण येथील उद्योगांची वाण हे आहे. पण उद्योग उभारणारी माणसे केवळ गुणपत्रिकांतून निपजत नाहीत. आपल्या हुकुमाची अंमलबजावणी करताना कामगाराला काय श्रम पडतात, हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा हुकूम पाळला जाईल. परंतु त्याच्या हातून कारखाना वाढणार नाही. गुणवत्तायादीतल्या मुलाने उमेदवारीची दोन वर्षे यंत्रापाशी काढली, तर पालकांनी त्यात कमीपणा मानू नये. व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा तोही एक भागच होय.