लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर

विजयी वीरांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. परंतु शत्रूच्या मुलखात कोसळून तेथेच ज्याने देह ठेवला, अशा वीराचे स्मरणही तितकेच बोधप्रद असते, असे आम्हांस वाटते. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे असेच एक मुंबईचे तरुण होत.

त्यांचा जन्म १८९४ सालचा. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले व केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. हिंदी माणसाने शिपाई म्हणून लढावे, परंतु लढाऊ सैन्यात अधिकारी होऊ नये, अशी त्या काळी इंग्रज सरकारची रीत होती. १९१७ साली सरदार हरदितसिंग मलिक ह्यांना वैमानिक अधिकारी म्हणून घेण्यात आले आणि हे बंद दार थोडे किलकिले झाले. त्यातून आत गेलेल्या मोजक्या हिंदी तरुणांत वेलिणकर एक होते.

इंग्रजांच्या हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ते रुजू झाले. त्यांचे विमान सॉपविथ डॉल्फिन जातीचे, एकट्याने चालविण्याचे होते. त्यात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर येई. त्यामुळे नजर चोहीकडे पोहोचे. पण विमान उलटले तर प्राणांवरच बेते. इंग्रज वैमानिकांजवळ तेव्हा हवाई छत्रीही नसे.

२७ जून १९१८ रोजी ते फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीस गेले, ते परतलेच नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती सापडले. जर्मनांना ते शत्रूचे वैमानिक. आणि ज्या साम्राज्यासाठी ते लढले, त्याच्या लेखी परतंत्र देशाचे प्रजाजन! तीन दिवसांनी, ३० जून रोजी, बंदिवासातच त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. महिना उलटण्यापूर्वीच, २२ जुलै रोजी, बंगालचे इंद्रलाल रॉय हेही हवाई युद्धात कामी आले. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले.

परक्यांच्या युद्धात हा प्राण कशासाठी वेचला, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. परंतु हिंदी तरुणाला विमान चालविणे साधेल काय, ह्या शंकेचे उत्तर अशा मूठभर तरुणांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन दिले. पुढे ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारताचे स्वतःचे हवाई दल स्थापन झाले.

वेलिणकरांची समाधी फ्रान्समध्ये, हांगार गावच्या स्मशानभूमीत आहे. वैनगंगेच्या काठी वाढणाऱ्या आमच्या मुलांनी आकाशातून जाणारे विमान पाहताना ह्या दूर निजलेल्या वीराची एकदा तरी आठवण करावी.