लक्ष्मणराव किर्लोस्कर : मालक-कामगार संवादाचा वाडीतला प्रयोग

वरिष्ठांचे म्हणणे खाली पोहोचत नाही आणि खालची अडचण वर जात नाही, ही तक्रार आज जवळपास प्रत्येक कंपनीत ऐकू येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी हा प्रश्न कसा हाताळला?

रंगांधळेपणामुळे त्यांचे चित्रकलेचे शिक्षण सुटले. मग मुंबईत यांत्रिक ड्रॉइंग शिकवले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कारखाना सुरू केला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर माळावर, निवडुंग आणि सापांच्या सोबतीने, २५ कामगारांसह किर्लोस्करवाडी उभी राहिली. मालक आणि कामगार एकाच वाडीत राहत असल्याने मध्ये निरोप्याची गरज नव्हती. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. विश्वास सांगण्याची ही पद्धत कुठल्याही भाषणापेक्षा बोलकी.

खरी अडचण वाडीबाहेर होती. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असे शेतकऱ्यांना वाटे. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षे गेली.

पसारा वाढला तसे समोरासमोरचे बोलणे अपुरे पडू लागले. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची पत्रिका म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. नंतर नावातला ‘खबर’ गळाला, आणि ‘किर्लोस्कर’ मासिक नांगराशी काहीही संबंध नसलेल्या मराठी घरांतही वाचले जाऊ लागले.